मराठी अभिनय क्षेत्रात उभे राहताना: तालमीच्या जागेपासून मालिकेच्या सेटपर्यंत

‘अभिनय करायचा आहे, मुंबईला कधी येऊ?’ असा प्रश्न सोलापूर, अकोला, चिपळूण अशा ठिकाणची मुले-मुली मला विचारतात, तेव्हा मी त्यांना आधी एकच गोष्ट विचारतो: सध्या तुम्ही कोणाबरोबर तालीम करत आहात? पुष्कळदा उत्तर ‘कोणाबरोबरच नाही’ असे येते. मग मुंबईचा विषय बाजूला ठेवून आम्ही त्यांच्या गावातल्या नाट्यसंस्थांविषयी बोलू लागतो. मराठी नाटक, मालिका आणि चित्रपट यांचे जग फार मोठे नाही. ज्याने महाविद्यालयात एकांकिका बसवली, तो पाच वर्षांनी मालिकेचे संवाद लिहीत असतो. जी मुलगी विंगेत उभी राहून संहिता धरत होती, ती पुढे कास्टिंगचे, म्हणजे भूमिकांसाठी नट निवडण्याचे, काम पाहते. एखादी भूमिका भरायची वेळ आली की या माणसांना प्रथम आठवतात ते आपल्यासमोर रोज वेळेवर आलेले, पाठांतर केलेले आणि दुसऱ्याचा प्रवेश चालू असताना शांत बसलेले चेहरे. ऑडिशनची सूचना त्यानंतर बाहेर पडते. म्हणून या लेखात जे टप्पे सांगितले आहेत, ते सगळे तालमीच्या जागेशी जोडलेले आहेत.

गाव सोडण्यापूर्वीची दोन-तीन वर्षे

महाविद्यालयात असाल तर एकांकिका स्पर्धांसारखी दुसरी शाळा नाही. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक भरवत आली आहे. फिरोदिया करंडकात नाट्याबरोबर गायन, वादन, नृत्य, चित्रकला अशा कलाही रंगमंचावर गुंफता येतात, त्यामुळे अभिनयाखेरीज दुसरी एखादी कला अवगत असलेल्यांना तिथे मोठा वाव मिळतो. मुंबईत आयएनटीची, म्हणजे इंडियन नॅशनल थिएटर या संस्थेची, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आहे. वर्षभरातील विजेत्या एकांकिकांना एकमेकींसमोर आणणारी चतुरंग प्रतिष्ठानची ‘सवाई’ स्पर्धा २५ जानेवारीच्या रात्री रंगते आणि पहाटेपर्यंत चालते. या स्पर्धांना बक्षिसापेक्षा मोठे मोल आहे ते प्रेक्षागृहात बसलेल्या लोकांमुळे. लेखक, दिग्दर्शक, वाहिन्यांसाठी काम करणारी माणसे नवे चेहरे पाहायला तिथे आवर्जून येतात.

महाविद्यालय संपले असेल किंवा तुमच्या महाविद्यालयात नाटकच होत नसेल, तर राज्य शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी नाट्य स्पर्धा आहे. तिची प्राथमिक फेरी राज्यभरातल्या निरनिराळ्या केंद्रांवर होते. तुमच्या जिल्ह्यातील कोणती संस्था त्यात दरवर्षी उतरते ते शोधा आणि तालमी सुरू होण्याच्या सुमारास त्यांच्याकडे जा. गोव्यात राहणाऱ्यांसाठी कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धा आहेत. ‘मला भूमिका द्या’ असे पहिल्याच भेटीत सांगू नका. ‘जे काम असेल ते करीन’ असे सांगा आणि ते खरेच करा. प्रकाशयोजनेचे फेडर हाताळा, पार्श्वसंगीताची बटणे दाबा, नेपथ्य उचला. विंगेतून तीस प्रयोग पाहिलेल्या माणसाला जे कळते, ते प्रेक्षागृहातून शंभर नाटके पाहूनही कळत नाही, हे मी स्वतः अनुभवले आहे. टाळी कुठे पडते, कुठल्या वाक्याला नटाचा श्वास चुकतो, प्रेक्षक कधी खोकू लागतो, हे सगळे विंगेत अंगात मुरते.

या काळात नोकरी किंवा शिक्षण सोडण्याची गरज नाही. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते. वैद्यकीय व्यवसाय सांभाळत त्यांनी पुण्या-मुंबईत प्रायोगिक नाटके केली आणि १९६९ मध्ये, वयाची चाळिशी उलटल्यावर, पूर्ण वेळ नटाचा पेशा पत्करला. सगळ्यांनी इतके थांबावे असे मला म्हणायचे नाही. पण पोट भरण्याचे साधन हातात ठेवून नाटक करणे म्हणजे कमी निष्ठेचे काम, ही समजूत मनातून काढून टाकावी.

भाषा आणि आवाज

रोज वीस मिनिटे मोठ्याने वाचा. वर्तमानपत्राचा अग्रलेख, अभंग, एखाद्या नाटकातील स्वगत, काहीही चालेल. वाचन ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐका. च-ज-झ या वर्णांचे दोन्ही उच्चार, ण आणि न, ळ आणि ल, श आणि ष यांतील फरक जिभेवर पक्के झाले पाहिजेत. मात्र प्रमाण मराठी शिकताना स्वतःची बोली पुसून टाकू नका, हे मी फार कळकळीने सांगतो. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, झाडीबोली, कोल्हापुरी ढंग, यांपैकी जे तुमच्या घरचे आहे ते खरेपणाने बोलणारा नट मिळणे कठीण झाले आहे. गावाकडच्या पार्श्वभूमीची मालिका किंवा चित्रपट उभा राहतो, तेव्हा उसनी बोली पहिल्या वाक्याला उघडी पडते. दोन्ही भाषा येणे ही तुमची कमाई आहे. हिंदी नीट बोलता येत असेल तर कामाचे क्षेत्र आणखी रुंदावते, कारण मुंबईत मराठी नटांना हिंदी मालिका, जाहिराती आणि वेब मालिकांमधून सतत काम मिळत आले आहे.

शिक्षण घ्यावे का, आणि कुठे

घेता आले तर जरूर घ्यावे. पण महागड्या दोन महिन्यांच्या शिबिराला मी शिक्षण म्हणत नाही. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ मध्ये स्थापन झाले. तिथला अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे, प्रवेशासाठी पदवी आणि नाटकांतील प्रत्यक्ष सहभाग लागतो आणि विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळते. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आणि लोककला अकादमी आहेत, छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे. कॅमेऱ्यासमोरच्या अभिनयासाठी पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावरची, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातली एफटीआयआय, म्हणजे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया, आहे. या संस्थांमध्ये जे शिकवले जाते ते मोलाचे आहेच, शिवाय सोबत शिकलेली माणसे पुढची तीस वर्षे तुमच्या बरोबरीने काम करतात.

खासगी वर्गात नाव घालण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. रोज प्रत्यक्ष शिकवणार कोण? कारण जाहिरातीत छायाचित्र असलेला कलावंत अनेकदा उद्घाटनापुरताच येतो. एका तुकडीत किती विद्यार्थी असतात? शेवटी प्रेक्षकांसमोर प्रयोग होतो का? ‘अभ्यासक्रम संपला की मालिकेत काम देऊ’ असे आश्वासन मिळाले, तर तिथून उठून यावे.

मुंबईला येण्यापूर्वीचा हिशेब

मालिका क्षेत्रात कामाचे पैसे साधारणपणे ९० दिवसांनी मिळतात. नव्या नटाला हे कोणी आधी सांगत नाही आणि पहिल्या कामाच्या आनंदात ते विचारायचेही राहून जाते. जानेवारीत चित्रीकरण केले, महिनाअखेरीस बिल दिले, तर पैसे हातात येईपर्यंत एप्रिलअखेर किंवा मे उजाडतो. तोवर घरभाडे, लोकलचा पास, जेवण, फोन हे सगळे खिशातून चालते. म्हणजे उद्या भूमिका मिळाली तरी पुढचे चार महिने तुमच्याकडे पैसे नसणार, हे धरून तयारी करावी लागते. किमान सहा महिन्यांचा खर्च बँकेत असल्याशिवाय मुंबईत बिऱ्हाड करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आठ महिन्यांचा असेल तर उत्तम, कारण घरमालकाला अनामतही द्यावी लागते.

राहायला अंधेरीतच हवे, असा अनेकांचा समज असतो. कास्टिंगची बरीच कार्यालये वर्सोव्याच्या आरामनगर भागात आहेत हे खरे. पण मराठी मालिकांचे सेट ठाण्याचा घोडबंदर रस्ता, मीरा रोड, मढ, गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी असे विखुरलेले आहेत आणि काही मालिकांचे चित्रीकरण तर सातारा, कोल्हापूर, नाशिक भागात होते. ठाणे, बोरिवली, डोंबिवली येथे चार जणांनी मिळून घेतलेली खोली स्वस्त पडते, शिवाय या तिन्ही ठिकाणी नाट्यगृहे आहेत. जोडीला असे काम शोधावे की ज्याच्या वेळा हलवता येतात: शिकवण्या, भाषांतर, उपशीर्षके लिहिणे, शाळांमध्ये नाट्यशिबिरे घेणे. नऊ ते सहाची नोकरी असेल तर ऑडिशनला जाता येत नाही, आणि काहीच नसेल तर भाड्याच्या काळजीने वाटेल त्या कामाला ‘हो’ म्हणावे लागते.

छायाचित्रे, ओळखफीत आणि स्वतः चित्रित केलेली ऑडिशन

सुरुवातीला भारी छायाचित्रसंच नको. दिवसाच्या प्रकाशात, साध्या कपड्यांत, मेकअपशिवाय काढलेली पाच-सहा छायाचित्रे पुरतात: समोरून चेहरा, दोन्ही बाजू, पूर्ण उंची, एक हसरे. तुम्ही आज जसे दिसता तसेच छायाचित्रात दिसले पाहिजे. केस कापले, दाढी वाढवली, वजन बदलले की नवी छायाचित्रे काढावीत. माहितीपत्रकात उंची, वय, येणाऱ्या भाषा व बोली, केलेली नाटके, दिग्दर्शकांची नावे आणि येणारी कौशल्ये लिहावीत. पोहता येते असे लिहिले असेल तर खरेच पोहता आले पाहिजे, कारण ते सेटवर विहिरीच्या काठावर कळणे धोक्याचे असते.

आता बहुतेक पहिल्या ऑडिशन घरूनच चित्रित करून पाठवाव्या लागतात. त्याची रीत अशी. भिंत फिक्या, एका रंगाची निवडावी आणि तिच्यापासून दोन-तीन फूट पुढे उभे राहावे. खिडकी तुमच्या समोर असावी, पाठीमागे नको. मोबाइल आडवा धरून डोळ्यांच्या उंचीला स्टँडवर लावावा. उभे चित्रीकरण मागितले असेल तरच उभे करावे. आधी ओळख द्यावी: नाव, वय, उंची, सध्याचे गाव, भाषा, आणि चेहऱ्याच्या दोन्ही बाजू. त्यानंतर प्रवेश छातीपासून वरच्या चौकटीत करावा. समोरच्या पात्राची वाक्ये वाचायला एखादा मित्र कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी उभा करावा, म्हणजे तुमची नजर लेन्सजवळ राहते, आणि त्याने हळू आवाजात, भाव न ओतता वाचावे. पंखा बंद करावा. पार्श्वसंगीत घालू नये. दोन वेगळ्या तऱ्हांनी प्रवेश केला असेल तर दोन्ही पाठवाव्यात, पण एकाच तऱ्हेच्या पाच आवृत्त्या पाठवू नयेत. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो पुसट होतो, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून किंवा ड्राइव्हच्या दुव्याने पाठवावा, आणि फाइलला तुमचे व भूमिकेचे नाव द्यावे.

पाठवल्यानंतर बहुधा उत्तर येत नाही. नकार कळवण्याची पद्धत या क्षेत्रात जवळजवळ नाहीच. कोणत्या तारखेला, कोणाला, कोणत्या भूमिकेसाठी ऑडिशन दिली याची वही ठेवा आणि पुढच्या कामाला लागा. दोन महिन्यांनी त्याच कार्यालयातून दुसऱ्याच भूमिकेसाठी फोन येतो, तेव्हा ती वही उपयोगी पडते.

फसवणूक ओळखणे

खरा कास्टिंग करणारा माणूस नटाकडून पैसे घेत नाही. नोंदणी शुल्क, कार्डाचे पैसे, पोशाखाची अनामत, ‘आमच्याच फोटोग्राफरकडून छायाचित्रे काढा’ अशी अट, यांपैकी काहीही पुढे आले की तो व्यवहार तिथेच संपवावा. कोऑर्डिनेटर काम मिळवून देतात आणि मिळालेल्या मानधनातून ठरलेला हिस्सा घेतात, ही रूढ पद्धत आहे. काम मिळण्यापूर्वी मागितलेला पैसा मात्र फसवणुकीचाच असतो. वाहिनीचे नाव घेऊन फोन आला तर निर्मिती संस्थेचे नाव विचारा आणि त्या संस्थेत काम केलेल्या ओळखीच्या माणसाकडून खात्री करून घ्या. तालमीतून जोडलेली माणसे इथे फार उपयोगी पडतात: एक फोन केला की पाच मिनिटांत खरे-खोटे कळते.

ऑडिशन कार्यालयात, दिवसा आणि इतर लोक हजर असताना होते. हॉटेलच्या खोलीत, रात्री, एकटीने किंवा एकट्याने येण्याचे बोलावणे नाकारा. कपडे उतरवायला लावणारी ‘लूक टेस्ट’ किंवा तसा व्हिडिओ पाठवण्याची मागणी आली तर संदेश पुसू नका, जपून ठेवा आणि पोलिसांकडे तक्रार करा. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा चित्रीकरणाच्या जागेलाही लागू आहे, आणि दहा किंवा अधिक माणसे काम करत असतील तिथे अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. आपल्या सेटवर ती समिती कोणाची आहे हे पहिल्या आठवड्यात विचारण्यात काहीही गैर नाही.

लहान मुलांच्या पालकांसाठी थोडे वेगळे सांगायला हवे. बालकलाकाराच्या कामाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसात पाच तासांहून अधिक काम करून घेता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा अधिक नाही, आणि मुलाच्या उत्पन्नाचा किमान २० टक्के भाग त्याच्या नावाने मुदत ठेवीत ठेवावा लागतो. या नियमांचा आग्रह पालकांनीच धरला पाहिजे, कारण मुलाला तो धरता येत नाही.

करार आणि पैसे

माझ्या सुरुवातीच्या एका कामाचे पैसे मला कधीच मिळाले नाहीत. तोंडी ठरले होते, आणि मागायला गेलो तेव्हा ज्याने ठरवले तो माणूस ती संस्था सोडून गेला होता. तेव्हापासून मी छोट्यातल्या छोट्या कामाचेही मानधन, दिवस आणि पैसे देण्याची मुदत किमान ई-मेलवर लिहून घेतो.

मालिकेचा करार हातात आला की तो सेटवर, मेकअप चालू असताना सही करण्यासाठी नसतो. घरी नेऊन वाचा. मानधन दिवसाचे आहे की महिन्याचे? शिफ्ट किती तासांची धरली आहे आणि त्यापुढे काय? महिन्याला किमान किती दिवसांची हमी आहे? प्रवासखर्च कोणाकडे? मालिका चालू असताना नाटकाचे प्रयोग, जाहिरात, दुसऱ्या वाहिनीवरचे काम करता येईल का? तुम्ही सोडायचे ठरवले तर किती दिवसांची सूचना द्यावी लागते, आणि त्यांनी तुम्हाला काढायचे ठरवले तर त्यांना किती द्यावी लागते? अलीकडे तुमचा चेहरा आणि आवाज संगणकाने पुन्हा घडवून वापरण्याचा हक्क मागणारे कलमही करारात येऊ शकते. ते दिसले तर तसाच होकार देऊ नये. नाटकाच्या प्रयोगांची मुभा मात्र लढून मिळवावी. शनिवार-रविवारचे प्रयोग सांभाळून मालिका करणारे नट मराठीत पुष्कळ आहेत, तेव्हा ही मागणी अवाजवी नाही.

मानधनातून साधारण १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच वळता केलेला प्राप्तिकर, कापला जातो. म्हणजे ६०,००० रुपयांच्या बिलावर ५४,००० रुपये खात्यात येतात आणि उरलेले ६,००० तुमच्या पॅनवर सरकारजमा होतात. पॅन दिला नसेल तर कपात दुप्पट होते. वर्षाचे उत्पन्न कमी असेल तर विवरणपत्र भरून ही रक्कम परत मिळते. केवळ विवरणपत्र न भरल्यामुळे हे पैसे सोडून देणारे तरुण नट मी पाहिले आहेत. थोडे काम झाले की सिने अँड टीव्ही आर्टिस्ट्स असोसिएशनचे, म्हणजे सिंटाचे, सदस्यत्व घ्यावे. मानधन अडले तर तिथे तक्रार करता येते, आणि त्या वेळी तुमच्या हातात कागद असला की काम सोपे होते.

सेटवरचे पहिले महिने

शिफ्ट बहुधा बारा तासांची किंवा त्याहून थोडी अधिक असते. प्रवेशाचा कागद पुष्कळदा त्याच दिवशी, मेकअप चालू असताना हातात येतो. तालमीला महिना मिळण्याची सवय असलेल्या नटाला हे जाचते, पण ज्याने एकांकिकेच्या धावपळीत पाठांतर केले आहे तो यातून निभावून जातो. आधी मास्टर होतो, म्हणजे सगळी पात्रे दिसतील असा पूर्ण प्रवेश, मग क्लोज, म्हणजे एकेकाचा चेहरा जवळून. मास्टरमध्ये पेला कोणत्या वाक्याला उचलला, पदर कोणत्या खांद्यावर होता, हे लक्षात ठेवा, कारण क्लोजमध्ये तेच पुन्हा करावे लागते. ‘कंटिन्युइटी’ पाहणारा सहायक असतो, पण शेवटी चेहरा तुमचा दिसतो. समोरच्याचा क्लोज चालू असताना कॅमेऱ्यामागे उभे राहून स्वतःची वाक्ये पूर्ण भावनेने द्या. ज्येष्ठ नट हे पाहतात आणि लक्षात ठेवतात.

स्पॉटदादा, मेकअपदादा, लाइटवाले, कपडेपट सांभाळणाऱ्या ताई, या सगळ्यांची नावे पहिल्या आठवड्यात शिका. ही माणसे एका सेटवरून दुसऱ्या सेटवर जातात, आणि कोण कसे वागते याची माहितीही त्यांच्याबरोबर जाते.

आवाजाचे काम

याकडे नवे नट फार दुर्लक्ष करतात. आकाशवाणीच्या नाट्य विभागाची आवाज चाचणी उत्तीर्ण झाली की श्रुतिकांमधून काम मिळते. पैसे थोडे असतात, पण निव्वळ आवाजाने पात्र उभे करण्याचे ते शिक्षण दुसरीकडे मिळत नाही. डबिंग, जाहिराती, मराठी बोलकी पुस्तके यांतून बऱ्यापैकी नियमित उत्पन्न होऊ शकते. चेहऱ्याचे काम थांबलेले असते त्या महिन्यांत अनेकांना याच कामाने तारले आहे.

पहिली भूमिका संपल्यावर

मालिका बंद होण्याची बातमी अनेकदा काही आठवडेच आधी कळते. रोज घरोघरी दिसणारा चेहरा महिनाभरात दिसेनासा होतो, आणि त्याच सुमारास शेवटच्या तीन महिन्यांचे मानधन खात्यात येत असते. हे पैसे म्हणजे नवी मिळकत नाही, पुढचा रिकामा काळ काढण्यासाठीची शिधा आहे, असे समजून ते बाजूला ठेवावे. गाडीचा हप्ता या काळात सुरू करू नये. लगेच तशीच दुसरी भूमिका आली तर थोडे थांबून विचार करावा: सलग दोनदा खलनायिकेची वहिनी केली की तिसऱ्यांदाही तीच विचारली जाते. चित्रपट आणि वेब मालिकांसाठी निवड करणारे लोक मालिकेतला चेहरा ओळखतात, पण त्यांना त्या चेहऱ्याची दुसरी बाजू पाहायची असते, आणि ती दाखवण्याची जागा पुन्हा नाटकच आहे.

म्हणून शेवटचा भाग चित्रित झाला की त्याच आठवड्यात जुन्या गटातल्या दिग्दर्शकाला फोन करावा आणि नवे काही वाचत आहात का, ते विचारावे. पुण्यात सुदर्शन रंगमंचावर, दादर-माटुंग्याच्या एखाद्या शाळेच्या वर्गात, ठाण्यातल्या कोणाच्या गच्चीवर कुठे ना कुठे वाचन चालू असतेच. भूमिका ठरलेल्या असतील तर संहिता धरायला बसावे.